बालपण जपायचे म्हणजे नेमके काय जपायचे?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे वेगवेगळ्या वयाच्या माणसांनी लिहिलेली असली, तरी ती एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतात. बालपण कशाला म्हणावे आणि ते राखण्यासाठी मोठ्यांनी काय करावे, हा तो प्रश्न. म्हणून या वेळी इतर विषय बाजूला ठेवून हीच पत्रे घेतली आहेत. पत्रलेखकांची ओळख पटेल असे तपशील नेहमीप्रमाणे गाळले आहेत.

प्रश्न : मी सत्तरी ओलांडली आहे. नवव्या वर्षापासून मी वडिलांच्या कामात हातभार लावत होतो आणि त्याने माझे काही वाईट झाले नाही. आता मात्र नातवाला साधे काम सांगितले तरी ‘त्याचे बालपण हिरावून घेऊ नका’ असे मला ऐकवले जाते. बालपण ही कल्पनाच अलीकडची आहे, पूर्वी ती नव्हती, असे मी कुठेतरी वाचले होते. हे खरे आहे का?

तुम्ही वाचलेला विचार बहुधा फिलिप आरिएस या फ्रेंच इतिहासकाराचा असावा. मध्ययुगीन युरोपात बालपण हा आयुष्याचा स्वतंत्र टप्पा मानला जात नव्हता आणि अंगावरचे दूध सुटलेले मूल लवकरच मोठ्यांच्या कामात आणि करमणुकीत मिसळून जात असे, अशी मांडणी त्यांनी 1960 मध्ये केली. ती फार गाजली, परंतु पुढच्या इतिहासकारांनी जुन्या रोजनिश्या आणि पत्रे तपासली, तेव्हा त्यांना मुलांच्या पहिल्या पावलाचे कौतुक करणारे, त्यांच्या आजारपणात रात्री जागणारे आणि त्यांच्या मृत्यूने खचून गेलेले आईबाप जागोजागी भेटले. तेव्हा मुलांवरची माया नवी नाही. नवे आहे ते समाजाने मुलांना दिलेले वचन, आणि तेही फार सावकाश, कायद्याच्या एकेका कलमातून दिले गेलेले आहे.

ब्रिटनमध्ये 1833 च्या कारखाना कायद्याने नऊ वर्षांखालील मुलांना बहुतेक कापडगिरण्यांत कामावर ठेवण्यास मनाई केली आणि नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला 9 तासांची मर्यादा घातली. आज ही मर्यादा वाचताना अंगावर काटा येतो, पण तेव्हा ती सुधारणा होती. अडचण अशी की जन्मनोंदणीची सरकारी व्यवस्था इंग्लंड आणि वेल्समध्ये 1837 मध्ये सुरू झाली. तोपर्यंत मूल नऊ वर्षांचे आहे की सात, हे डॉक्टरने त्याच्या अंगलटीवरून ठरवायचे. त्याच 1837 साली एका दंतवैद्याने दातांवरून वय ओळखण्याची पद्धत मांडली, तीही याच कायद्याच्या अंमलबजावणीसाठी. एखाद्याला मूल म्हणायचे की नाही, हे त्याचे तोंड उघडून, दात मोजून ठरवावे लागत होते, हा तपशील मी कधीच विसरू शकत नाही.

पुढे एग्लंटाइन जेब या ब्रिटिश कार्यकर्तीने तयार केलेला पाच कलमांचा जाहीरनामा राष्ट्रसंघाने 1924 मध्ये स्वीकारला. संकटात मदत पहिल्यांदा मुलाला मिळाली पाहिजे, असे त्यात म्हटले होते. 20 नोव्हेंबर 1989 रोजी संयुक्त राष्ट्रांनी बालहक्कांचा करार संमत केला. अमेरिका वगळता संयुक्त राष्ट्रांचे सगळे सदस्य देश आज या कराराने बांधलेले आहेत.

आता तुमच्या अनुभवाकडे येतो. तुम्ही ‘हातभार’ हा शब्द वापरला आहे, आणि त्यातच उत्तराचा बराचसा भाग आहे. हातभार लावणे वेगळे आणि भार वाहणे वेगळे. काम अर्धवट टाकून तुम्हाला खेळायला जाता येत होते का? तुमच्या हातून नुकसान झाले तर ते कोण भरून काढत होते? काम करूनही झोप, शाळा आणि सवंगडी शिल्लक राहत होते का? या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तर तुम्ही वडिलांबरोबर काम करत होतात आणि तुमचे बालपणही चालू होते. मुलाच्या चुकीची किंमत त्याच्याकडून वसूल न करता मोठ्यांनी आपल्या अंगावर घेण्याचा काळ, असा मी बालपणाचा अर्थ लावतो. नातवाला तुमच्या शेजारी बसवून जरूर काम शिकवा. पण आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफ यांच्या 2024 च्या अंदाजानुसार जगात सुमारे 13.8 कोटी मुले बालमजुरीत आहेत, त्यांतली 5.4 कोटी धोक्याच्या कामांत आहेत. त्यांच्या पाठीवर जे आहे त्याला हातभार म्हणता येणार नाही. ‘आम्हीही केले, आमचे काय बिघडले’ हे वाक्य त्यांच्या बाबतीत कधी उच्चारू नये, एवढी माझी आग्रहाची विनंती आहे.

प्रश्न : वर्षभरापूर्वी माझ्या पतीची नोकरी गेली. तेव्हापासून आमची नऊ वर्षांची मुलगी विलक्षण समजूतदार झाली आहे. हट्ट करत नाही, वाढदिवसालाही तिने काही मागितले नाही. सगळे तिचे कौतुक करतात, पण मला मात्र तिच्याकडे पाहून गलबलून येते. तिला घरची परिस्थिती सांगायला हवी होती की तिच्यापासून लपवायला हवी होती?

तुमच्या मनाला जे जाणवते आहे त्यावर विश्वास ठेवा.

तुमच्या मुलीच्याच वयाची एक मुलगी काही वर्षांपूर्वी माझ्यासमोर बसली होती. चित्र काढण्यासाठी मी तिच्यापुढे रंगीत खडूंची पेटी ठेवली. तिने सगळे खडू चाळले आणि कागद फाडून फाडून नखाएवढा उरलेला एक तपकिरी तुकडा उचलला. आकाश, झाड, घर, सगळे तिने त्या तुकड्याने रंगवले. नवे खडू का घेतले नाहीस, असे विचारले तेव्हा ती म्हणाली, ‘ते संपतील.’ तिच्या घरात तिला कोणीही काटकसर शिकवली नव्हती. तिने रात्री दाराआडून ऐकलेल्या बोलण्यातून, आईच्या उसाशांतून आणि बाबांच्या गप्प बसण्यातून घरचा हिशेब स्वतःच मांडला होता आणि त्या हिशेबात स्वतःला खर्चाच्या बाजूला लिहून टाकले होते.

म्हणून लपवणे हा उपाय नव्हे. लपवलेली गोष्ट मुलांपर्यंत पोहोचतेच, फक्त ती शब्दांशिवाय पोहोचते, आणि शब्द नसलेली भीती नेहमी खऱ्या संकटापेक्षा मोठी असते. लहान मूल तर घरातल्या दुःखाचे कारण स्वतःमध्येच शोधते. याउलट सगळे सांगून टाकणे, म्हणजे देणी किती, कोण काय बोलले, पुढे काय होईल याची आपल्याला वाटणारी धास्ती तिच्यापुढे ओतणे, हेही तितकेच चूक आहे. मुलाला सत्य जरूर सांगावे, पण ते त्याला पेलेल एवढे करून सांगावे. बाबांची नोकरी गेली आहे, त्यामुळे काही गोष्टी आपण सध्या घेणार नाही, तुझी शाळा आणि आपण एकत्र राहणे यांत बदल होणार नाही, हे तुझ्यामुळे झालेले नाही, आणि यातून मार्ग काढणे हे बाबांचे आणि माझे काम आहे. यांपैकी जे तुमच्या घरी खरे असेल तेवढेच सांगा, जे निश्चित नाही त्याचे वचन देऊ नका. शेवटचे वाक्य मात्र गाळू नका, आणि ते एकदा सांगून भागत नाही. मुले तीच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतात, कारण उत्तर अजून तेच आहे ना, हे त्यांना तपासून पाहायचे असते.

दुसरे असे, की तिला मागायला शिकवा. हे विचित्र वाटेल. पण मागणे, नकार ऐकणे, रुसणे आणि तरीही आपण लाडके आहोत हे अनुभवणे, ही सगळी साखळी मुलाच्या वाढीसाठी लागते. तुमची मुलगी नकार ऐकण्याची वेळच येऊ देत नाही, कारण नकार देताना तुमचा चेहरा कसा होईल हे तिला माहीत आहे. ‘तुला काय हवे असे वाटते ते मला कळायला आवडते, घेता आले नाही तरी,’ असे तिला सांगा. मग तिने एखाद्या वेळी खरोखरच हट्ट केला, पाय आपटले, तर मनातल्या मनात समाधान माना.

आपल्या भाषेत ‘बालपण’ या शब्दाला केवढी माया आहे आणि ‘बालिशपणा’ या शब्दाला केवढी नाराजी, हे पाहिले की नवल वाटते. बालिश वागू न देता बालपण कसे द्यायचे, याचा विचार आपण करत नाही. तिच्या समजूतदारपणाचे कौतुक करणाऱ्या नातेवाइकांना त्यासाठी थोडे आवरावे लागेल. कौतुक तिच्या चित्राचे करा, धावण्याचे करा, हसण्याचे करा.

तुमची स्वतःची भीती बोलून दाखवायला मात्र तुमच्या वयाचे माणूस शोधा, ते माणूस मुलगी होता कामा नये. झोप उडणे, सकाळी शाळेच्या वेळी पोट दुखणे, मैत्रिणींपासून तुटणे असे काही दोन-तीन आठवड्यांहून अधिक काळ दिसले, तर बालमानसतज्ज्ञांना दाखवण्यात वेळ घालवू नका.

प्रश्न : आमचा मुलगा दहा वर्षांचा आहे. शाळेनंतर गणित, संगीत आणि पोहणे असे तीन वर्ग तो करतो आणि त्याला ते आवडतातही. माझ्या वडिलांचे म्हणणे आहे की त्याला खेळायला वेळच नाही. पोहणे हा खेळच नाही का? नुसते हुंदडून मुलाला काय मिळते?

पोहणे हा उत्तम व्यायाम आहे आणि तो चालू ठेवावा. तुमचे वडील ज्याला खेळ म्हणतात ती गोष्ट मात्र वेगळी आहे. तिची सुरुवात कोणी शिट्टी वाजवून करत नाही आणि तिचा शेवट कोणी घड्याळ पाहून करत नाही.

जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने मुलांचा गोट्यांचा खेळ बारकाईने पाहिला आणि त्यावरचे आपले निष्कर्ष 1932 मध्ये प्रसिद्ध केले. लहान मुलांना खेळाचे नियम मोठ्यांकडून आलेले, कधीही न बदलणारे वाटतात, परंतु दहा-अकरा वर्षांच्या सुमारास मुलांच्या लक्षात येते की नियम आपणच सगळ्यांच्या संमतीने करतो आणि सगळे कबूल असतील तर ते बदलताही येतात. ही समज मुलाला भाषणातून मिळत नाही. ‘ती गोटी रेषेवर होती’, ‘नव्हती’, ‘मग पुन्हा टाक’ या भांडणातून ती येते, आणि तुमचा मुलगा नेमका या वयात आहे. वर्गात भांडण झाले की शिक्षक येऊन ते मिटवतात. मैदानात ते मिटवायला कोणी नसते, आणि न मिटवावे तर खेळच मोडतो, म्हणून मुले स्वतःच तोडगा काढतात.

यानुश कॉर्चाक या पोलिश डॉक्टरची इथे आठवण होते. वॉर्सातल्या त्यांच्या अनाथाश्रमात मुलांचे स्वतःचे न्यायालय होते. मुले तक्रारी ऐकत, निकाल देत, आणि तिथल्या नियमांचा मुख्य रोख शिक्षेकडे नव्हता, क्षमेकडे होता. खुद्द कॉर्चाक यांनाही त्या न्यायालयापुढे उभे राहावे लागले होते. ऑगस्ट 1942 मध्ये नाझींनी आश्रमातल्या सुमारे 200 मुलांना त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेले, तेव्हा ते मुलांना सोडून गेले नाहीत, त्यांच्याबरोबरच गेले. मुलांना न्याय करता येतो असा विश्वास आणि मुलांना एकटे सोडायचे नाही हा निर्धार एकाच माणसात होता. संरक्षण आणि मोकळीक यांतले एकच काहीतरी निवडावे लागते, असे ज्यांना वाटते त्यांनी या माणसाचे आयुष्य जरूर समजून घ्यावे.

बालहक्क करारातले 31 वे कलम मुलाला विश्रांतीचा, मोकळ्या वेळेचा आणि खेळण्याचा हक्क देते. म्हणजे खेळ ही अभ्यास झाल्यावर द्यायची बक्षिसी नाही. तीन वर्गांपैकी कोणता सोडायचा हे मुलालाच विचारा, आणि त्या रिकाम्या वेळेत त्याला कंटाळा आला म्हणून लगेच हातात मोबाइल देऊ नका. पहिले आठ-दहा दिवस तो भिरभिरेल, तुमच्या मागे मागे फिरेल. ते चालू द्या.

प्रश्न : मुलीचे फोटो मी समाजमाध्यमांवर टाकते. ती सहा वर्षांची आहे. यात काही गैर आहे का?

तुमच्या प्रेमात गैर काही नाही, पण तो फोटो पुढे कुठे जाईल यावर तुमचा ताबा राहत नाही. करारातले 16 वे कलम मुलालाही खासगीपणाचा हक्क देते. आंघोळीचे, रडण्याचे, आजारपणाचे, शाळेचे नाव किंवा गणवेश दिसणारे फोटो मुळीच टाकू नका. बाकीच्यांसाठी आधी तिला विचारा. सहा वर्षांचे मूल ‘हा नको’ म्हणू शकते, आणि ती तसे म्हणाली तर तिच्यादेखत तो पुसून टाका. आपल्या शरीरावर आणि चेहऱ्यावर आपला शब्द चालतो, हे मुलीला कळण्याची ती पहिली संधी आहे. पुढच्या प्रश्नाचा याच्याशी जवळचा संबंध आहे.

प्रश्न : मी प्राथमिक शिक्षिका आहे. आठ वर्षांच्या एका विद्यार्थ्याने मला ‘कोणाला सांगणार नाही ना?’ असे विचारून काही बोलायला सुरुवात केली आणि मध्येच थांबला. ओळखीचे एक मोठे माणूस त्याला त्रास देत असावे असे मला वाटते. मी काय करू?

हे पत्र आल्याच दिवशी मी तुम्हाला स्वतंत्र उत्तर धाडले आहे. इतर शिक्षकांना उपयोग व्हावा म्हणून त्यातला भाग इथे देतो.

कोणाला सांगणार नाही, असे वचन देऊ नये. ‘तुला सुरक्षित ठेवण्यासाठी ज्यांची मदत लागेल त्यांना मी सांगेन, आणि सांगण्याआधी तुला कळवेन,’ असे म्हणावे. मूल बोलू लागले की आपण कमी बोलावे. ‘मग काय झाले?’ एवढाच प्रश्न पुरतो. ‘त्याने तुला असे केले का?’ या प्रकारचे प्रश्न टाळावेत, कारण मूल मोठ्यांना हवे ते उत्तर देण्याचा प्रयत्न करते आणि पुढे चौकशीत त्याच्या साक्षीवर शंका घेतली जाते. चेहऱ्यावर धक्का किंवा संताप दिसू देऊ नये. तो दिसला तर मूल आपण काहीतरी वाईट केले असे समजून मिटून जाते. तू सांगितलेस हे चांगले केलेस, यात तुझी चूक नाही, ही दोन वाक्ये जरूर म्हणावीत. नंतर मुलाचे शब्द जसेच्या तसे, तारीख आणि वेळ घालून लिहून ठेवावेत आणि त्याच दिवशी तुमच्या देशातल्या बालसंरक्षण यंत्रणेला कळवावे. आधी खात्री करून घेऊ, घरी विचारून पाहू, असे म्हणत थांबू नये. तपास करणे हे तुमचे काम नाही. शिवाय संशयित व्यक्ती त्या घरातलीच असू शकते.

तो मध्येच थांबला असला तरी एवढे बोलला आहे, म्हणजे त्याने तुमची निवड केली आहे. अशा मुलाला रोज दोन मिनिटे जवळ येण्याची सहज सबब मिळू द्यावी. वह्या गोळा करायला सांगावे, फळा पुसायला बोलवावे. विषय तुम्ही काढू नका, फक्त जवळ असा. पण त्याने वाक्य पूर्ण करण्याची वाट पाहत कळवणे लांबवू नका, संशय कळवण्यास पुरेसा असतो.

घराघरांत पालकांनी एक फरक मुलांना लहानपणीच सांगून ठेवावा. आनंदाचे गुपित काही दिवसांत सगळ्यांसमोर उघडायचे असते. जे गुपित कायमचे लपवायला सांगितले जाते आणि जे मनात ठेवून पोटात गोळा येतो, ते गुपित पाळायचे नसते, मग ते सांगणारे माणूस कितीही मोठे किंवा जवळचे असो. शरीराच्या सर्व अवयवांची नावे मुलांना न लाजता शिकवावीत. असे शिकवल्याने मुलांची निरागसता जाते, अशी तक्रार मी अनेकदा ऐकली आहे. मला ती मुळीच पटत नाही. शब्द नसलेले मूल निरागस नसते, ते फक्त एकटे असते, आणि गैरफायदा घेणाऱ्याला नेमके तेच हवे असते.

प्रश्न : मी सोळा वर्षांची आहे. चार वर्षांपूर्वी आई आजारी पडली तेव्हापासून लहान भावाचे सगळे मीच करते. त्याचा डबा, अभ्यास, झोपवणे. मला राग येत नाही, भाऊ मला फार आवडतो. पण परवा मैत्रिणी लहानपणच्या गमती सांगत होत्या आणि माझ्याकडे सांगायला बाराव्या वर्षानंतरचे काहीच नव्हते. गेलेले बालपण परत मिळते का?

तुझे पत्र मी तीनदा वाचले. गेलेली चार वर्षे परत मिळतील असे मी तुला सांगणार नाही, तुला ते खोटे आहे हे लगेच कळेल. तुझ्या मैत्रिणींच्या घोळक्यात तू जे ऐकत बसलीस, ते ऐकताना झालेले दुःख खरे आहे. भाऊ आवडतो म्हणून ते दुःख करण्याचा तुझा हक्क कमी होत नाही. दोन्ही गोष्टी एकाच मनात राहू शकतात.

पण एक गोष्ट तू विसरते आहेस. कायद्याच्या आणि कराराच्या व्याख्येने अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत तू मूल आहेस. म्हणजे तुझे बालपण अजून संपलेले नाही, आणि ते राखण्याची जबाबदारी आजही मोठ्यांवर आहे. तुझ्यासारखी घरातल्या आजारी माणसाचे किंवा भावंडांचे करणारी मुले बऱ्याच घरांत असतात, पण ती कोणाला दिसत नाहीत, कारण ती सगळे नीट करतात. डबा वेळेवर भरला जातो, भाऊ शाळेत पोहोचतो, मग विचारायला कोण येणार? म्हणून तुलाच एकदा बोलावे लागेल. तुझ्यावर ही वेळ यावी हे न्याय्य नाही, तरीही बोल. शाळेतल्या विश्वासाच्या एका शिक्षकांना किंवा समुपदेशकांना, किंवा एखाद्या नातेवाइकांना, तू घरी रोज काय काय करतेस त्याची यादी लिहून दाखव. सकाळी उठल्यापासून रात्रीपर्यंत, वेळ घालून. ‘मला मदत हवी’ हे म्हणणे जड जाईल, पण यादी दाखवणे जमेल, आणि ती वाचणाऱ्याला पुढचे सांगावे लागणार नाही. यादीतली दोन कामे इतर कोणी घ्यावीत एवढेच सुरुवातीला माग. आईशीही बोल. आजारी माणसाला मुलीचे ओझे दिसत असते, पण तो विषय काढायला तिलाही तुझ्याएवढीच भीती वाटत असेल.

आणि भावाला झोपवल्यावर जो वेळ उरतो, त्यात उद्याची तयारी न करता, कशासाठीही उपयोगी नसलेली एखादी गोष्ट कर. काय करावेसे वाटते हेच आठवत नसेल, तर बाराव्या वर्षी काय आवडत होते तिथून सुरुवात कर.

पुन्हा पत्र लिही. या पत्रात भावाला कोणती भाजी आवडते, तो कशाला घाबरतो, हे सगळे आहे. पुढच्या पत्रात तुला काय आवडते ते मला वाचायचे आहे.